गोठलेल्या समुद्रावरील हिमाचे पांघरूण

आपल्या मराठीत आकाशातून कापसासारखा भुरभुरत खाली येतो तोही बर्फ, आणि पाणी गोठून दगडासारखा घट्ट होतो तोही बर्फच. रसवंतीगृहात गोणपाटाखाली झाकून ठेवलेली लादी आणि कॅलेंडरवरील हिमालयाची पांढरी शिखरे यांना आपण सहसा एकाच शब्दाने ओळखतो. ‘हिम’ हा शब्द आपल्याकडे आहे. पण तो बोलण्यात क्वचितच येतो. उत्तर ध्रुवाभोवतालच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या इन्युइट लोकांना असे करून भागत नाही. त्यांच्या भाषेत गोठलेल्या समुद्राला ‘सिकू’ म्हणतात आणि पडून साचलेल्या हिमाला ‘आपुत’. ज्यांना ‘सिकू’वरून चालत शिकारीला जायचे असते, त्यांच्यासाठी हा भेद जगण्यामरण्याचा असतो. प्रस्तुत लेखातही हा भेद पाळला आहे. समुद्राचे पाणी गोठून तयार होतो तो बर्फ, आणि आकाशातून पडून त्या बर्फावर साचते ते हिम.

स्मरणिकेत आठवणींचे लेख विपुल असतात आणि ते असावेतही. परंतु वर्गात विद्यार्थी विचारतात त्या प्रश्नांनाही तिच्यात जागा मिळावी, असे मला वाटते. असाच एक प्रश्न नववीच्या वर्गातून आला होता : “सर, समुद्रावरच्या बर्फावर वरून आणखी हिम पडलं, तर बर्फाची जाडी वाढणारच ना?” प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र असे की बहुतेक वेळा जाडी वाढत नाही, उलट तिची वाढ मंदावते. तरीही काही ठिकाणी ती खरोखरच वाढते, आणि उन्हाळ्यात तेच हिम बर्फाचे रक्षणही करते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घेण्यासाठी समुद्र गोठतो कसा येथून सुरुवात करावी लागेल.

समुद्राचे पाणी खारट असल्यामुळे ते शून्य अंशावर गोठत नाही; साधारण उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते. पृष्ठभागावर बर्फाचा पहिला पातळ थर जमला की त्यानंतरची वाढ खालच्या बाजूने होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वर हवा उणे ३० अंश, खाली पाणी उणे १.८ अंश, आणि दोहोंच्या मध्ये बर्फ. पाणी गोठताना त्यातून उष्णता बाहेर पडते. ती उष्णता बर्फातून वर जाऊन हवेत निघून गेली, तरच खाली आणखी पाणी गोठू शकते. म्हणजे बर्फाची वाढ ही मुळात उष्णता किती वेगाने वर जाते, याची गोष्ट आहे. बर्फ जसजसा जाड होतो तसतशी उष्णतेची वाट लांबते आणि वाढ मंदावते. बर्फच स्वतःच्या वाढीला आडवा येतो.

हा हिशेब गणितात मांडला तो व्हिएन्ना विद्यापीठातील योसेफ स्टेफान यांनी. उष्ण वस्तूच्या प्रारणाचा त्यांचा नियम विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित असतो. १८३५ साली एका गरीब स्लोव्हेन कुटुंबात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने ध्रुवीय समुद्रावरील बर्फाच्या वाढीचा सिद्धान्त १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी आकडे कोठून आले? कॅनडाच्या उत्तरेकडून आशियाकडे जाणारा सागरी मार्ग शोधणाऱ्या ब्रिटिश आणि जर्मन मोहिमांच्या नोंदवह्यांतून. मार्ग शोधणे हे त्या मोहिमांचे उद्दिष्ट; पण जहाजे बर्फात अडकून पडली की खलाशी भोके पाडून बर्फाची जाडी मोजत आणि तापमान लिहून ठेवत. इतिहासाच्या अभ्यासकाला हे पाहून समाधान वाटते की ज्या कामासाठी मोहीम निघाली ते फसले, तरी कोणा अनामिकाने नेमाने भरलेली वही पुढे उपयोगी पडली. स्टेफान यांच्या सूत्रानुसार बर्फाच्या जाडीचा वर्ग हा साचत गेलेल्या थंडीच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट व्हायची तर थंडी चौपट साचावी लागते. सूत्र सुबक होते, परंतु बर्फावर हिम नाही असे त्यात गृहीत धरलेले होते. प्रत्यक्षात मोजलेला बर्फ या सूत्रातून येणाऱ्या जाडीपेक्षा पातळ भरतो, आणि याचे एक मोठे कारण हिम हेच आहे.

हिम म्हणजे बर्फाचेच कण. मग फरक कशाचा? फरक त्यांच्यामध्ये अडकलेल्या हवेचा. रसवंतीवाला लादीवर गोणपाट टाकतो तो लादीला ऊब द्यावी म्हणून नव्हे. गोणपाटाला स्वतःची ऊब नसतेच. त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा उष्णतेची ये-जा रोखते, इतकेच. बाहेर ऊन असेल तर तोच गोणपाट आतल्या वस्तूला थंड ठेवतो, आणि बाहेर कडाक्याची थंडी असेल तर उबदार. ताजे हिमही असेच पोकळ असते. समुद्रबर्फाची उष्णतावाहकता हिमाच्या सुमारे सातपट भरते. याचा सोपा अर्थ असा की उष्णता अडविण्याच्या बाबतीत १० सेंटीमीटर हिम हे ७० सेंटीमीटर बर्फाच्या बरोबरीचे असते.

एक उदाहरण करून पाहू. बर्फ १ मीटर जाड आहे आणि त्याचा उघडा पृष्ठभाग उणे ३० अंशांवर आहे. अशा स्थितीत तो खालून दिवसाला सुमारे १.७ सेंटीमीटर वाढतो. आता त्यावर फक्त २० सेंटीमीटर हिम आहे आणि त्या हिमाचा वरचा पृष्ठभाग उणे ३० अंशांवर आहे असे धरा. उष्णतेच्या दृष्टीने बर्फ जणू २.४ मीटर जाड झाला, आणि वाढ दिवसाला ०.७ सेंटीमीटरवर आली. कोवळ्या बर्फावर परिणाम याहून तीव्र होतो. २० सेंटीमीटर जाडीच्या बर्फावर १० सेंटीमीटर हिम पडले तरी वाढीचा वेग एक चतुर्थांशाहून खाली येतो. म्हणून हिम किती पडले याच्याइतकेच ते केव्हा पडले यालाही महत्त्व आहे. हिवाळ्याच्या आरंभी, बर्फ पातळ असताना पडलेले हिम त्या साऱ्या हंगामाची वाढ खुंटवते. तेवढेच हिम हंगामाच्या अखेरीस पडले तर वाढीचे फारसे नुकसान होत नाही.

जाडीबरोबर बर्फाचा स्वभावही बदलतो. वरच्या उदाहरणातच पाहा : उघड्या बर्फाचा माथा उणे ३० अंश, तर २० सेंटीमीटर हिमाखालचा माथा उणे १४ अंशांच्या आसपास. समुद्राचे पाणी गोठताना बरेचसे मीठ बाहेर फेकले जाते, परंतु काही मीठ अत्यंत खारट द्रवाच्या बारीक कप्प्यांच्या रूपाने बर्फात अडकून राहते. बर्फ जितका थंड तितके हे कप्पे आक्रसलेले. बर्फ जितका उबदार तितके ते मोठे. कप्प्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांच्या पुढे गेले की ते एकमेकांना जोडले जातात आणि बर्फातून द्रव पाझरू लागतो. हिमाखालचा बर्फ म्हणजे तुलनेने उबदार, आणि म्हणून नरम व कमी बळकट बर्फ. शिवाय कोवळ्या बर्फाच्या माथ्यावर आलेला खारट द्रव हिमाचा तळ टीपकागदासारखा शोषून घेतो. त्यामुळे आकाशातून पडलेले हिम गोड्या पाण्याचे असले, तरी समुद्रावर साचलेल्या हिमाचा खालचा थर चवीला खारट लागू शकतो.

शिकाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. हिमाने झाकलेला बर्फ पातळ राहिलेला असतो, तो नरम असतो, आणि वरून तो पातळ आहे हे दिसत नाही. उघडा कोवळा बर्फ निदान रंगाने काळसर दिसून सावध करतो. हिमाचा पांढरा थर ही खूणच पुसून टाकतो.

पाठ्यपुस्तकातील आकृतीत हिमाचा थर पट्टीने आखल्यासारखा सपाट दाखवितात. वस्तुतः तो तसा कधीच नसतो. वारा हिमाला उचलून नेतो, बर्फाच्या उंचवट्यांच्या आडोशाला ढीग लावतो, मोकळ्या सपाट जागा जवळपास उघड्या पाडतो. वाऱ्याने ठोकून बसवलेला थर इतका कठीण होतो की त्यावर पाऊल उमटत नाही, तर त्याच्या खालीच साखरेसारखे सुटे, टपोरे कण सापडतात. हे कण कसे तयार होतात तेही पाहण्यासारखे आहे. हिमाचा तळ उबदार आणि माथा थंड असल्यामुळे तळाची वाफ वर सरकते व वरच्या कणांवर जमते. त्यातून बारीक कण नाहीसे होऊन मोठे, पैलूदार कण वाढतात. अशा विरळ थराची उष्णता अडविण्याची ताकद घट्ट थरापेक्षा निराळी असते. एका तुकड्यावर दहा पावलांच्या अंतराने मोजले तरी आकडे निराळे येतात ते यामुळे.

उन्हाळा आला की हिम आपली भूमिका बदलते. आता प्रश्न उष्णता आतून बाहेर जाण्याचा नसून सूर्यप्रकाश आत शिरण्याचा असतो. ताजे कोरडे हिम अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के परत फेकते. उघडा बर्फ ५० ते ७० टक्के, तर मोकळा समुद्र जेमतेम ६ ते ७ टक्के. म्हणजे वसंतात हिमाचा थर जितके दिवस टिकेल तितके दिवस खालच्या बर्फाला ढाल मिळते. मात्र ते वितळू लागले की पाणी सखल जागी साचून निळसर डबकी होतात. ही डबकी प्रकाश शोषून घेतात आणि आपल्याखालचा बर्फ भराभर वितळवतात. डबकी कोठे होणार हे पुष्कळदा हिवाळ्यात वाऱ्याने हिम कोठे रचले होते यावर ठरते.

हिवाळ्यातले नुकसान आणि उन्हाळ्यातला लाभ यांचा ताळेबंद मांडण्याचा मोठा प्रयत्न १९७१ साली गॅरी मेकट आणि नॉर्बर्ट उंटरश्टायनर यांनी केला. उंटरश्टायनर यांनी १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात उत्तर ध्रुवीय महासागरात तरंगत्या बर्फावरील केंद्रावर काम केलेले होते. ते केवळ कागदावरचे गणिती नव्हते. त्यांच्या गणनेत एक विलक्षण गोष्ट निघाली. वर्षानुवर्षे टिकणाऱ्या, सुमारे ३ मीटर जाडीच्या बर्फावर हिम काही मर्यादेपर्यंत वाढवत नेले तरी बर्फाच्या जाडीत फारसा फरक पडत नव्हता. एका हाताने जे जात होते ते दुसऱ्या हाताने परत येत होते. पण हिम इतके वाढले की उन्हाळ्यात ते पुरते वितळू शकले नाही, तर मात्र खालचा बर्फ उन्हापासून वाचत राहिला आणि जाड होत गेला. अर्थात हा निष्कर्ष जुन्या, जाड बर्फाचा आहे. आज उत्तर ध्रुवीय महासागरात एकाच हिवाळ्यात तयार होणाऱ्या पातळ बर्फाचे प्रमाण पुष्कळ वाढले आहे, आणि त्याला हा हिशेब तसाच्या तसा लावता येत नाही.

दक्षिणेकडे चित्र आणखी निराळे. उत्तर ध्रुवाभोवती समुद्र आहे आणि त्या समुद्राला खंडांनी वेढले आहे. दक्षिण ध्रुवावर खंड आहे आणि त्याला समुद्राने वेढले आहे. त्यामुळे अंटार्क्टिकाभोवतालच्या बर्फाला चहूबाजूंच्या महासागरातून ओलावा मिळतो, हिम अधिक पडते, आणि बर्फ बहुतांशी एकाच वर्षाचा व पातळ असतो. पातळ होडीत जड माणसे बसावीत तशी ही स्थिती आहे. हिमाच्या ओझ्याने बर्फ खाली दबत जातो. हिमाची जाडी बर्फाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशाहून अधिक झाली की बर्फाचा माथा समुद्रसपाटीच्या खाली जातो. आर्किमिडीजच्या तत्त्वावरून हा आकडा कोणताही दहावीचा विद्यार्थी काढू शकेल. मग भेगांतून आणि पाझरणाऱ्या कप्प्यांतून समुद्राचे पाणी वर येते, हिमाचा तळ भिजून खारट लगदा होतो आणि तो लगदा गोठून बर्फाला चिकटतो. याला ‘हिमबर्फ’ म्हणावे. येथे हिम पडल्याने बर्फ खरोखरच जाड होतो, तोही वरच्या बाजूने. आमच्या नववीच्या विद्यार्थ्याचे म्हणणे दक्षिण गोलार्धात खरे ठरते!

हा बर्फ कोठून आला हे ओळखायचे कसे? त्याचे कण बारीक व दाणेदार असतात, तर खालून शांतपणे वाढलेल्या बर्फात उभे लांबट स्फटिक असतात. परंतु केवळ दाण्यांवरून खात्री होत नाही. त्यासाठी ऑक्सिजनच्या जड अणूंचे प्रमाण तपासतात. आकाशातून पडलेल्या पाण्यात ते समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी असते. बर्फाचा दंडगोल कापून काढला आणि हे प्रमाण पाहिले की कोणता थर समुद्राचा आणि कोणत्या थरात आकाशाचा वाटा आहे, ते उलगडते. पुराभिलेख तपासताना कागद आणि शाई पाहतात, त्याच जातीचे हे काम आहे.

असा हिमबर्फ उत्तरेत नगण्य, ही समजूत बरीच वर्षे होती. २०१५ च्या जानेवारी ते जून या काळात नॉर्वेचे ‘लान्स’ हे संशोधन-जहाज स्वालबार्ड बेटांच्या उत्तरेस बर्फाबरोबर वाहत राहिले. तेथे पातळ होत चाललेल्या बर्फावर सुमारे अर्धा मीटर हिम आढळले, आणि पाणी वर येऊन हिमबर्फ तयार होत असल्याचेही दिसले. बर्फ पातळ झाला की उत्तर दक्षिणेसारखी वागू लागते, असे यावरून म्हणता येईल. निदान महासागराच्या त्या भागात तरी.

याच स्वालबार्डमध्ये नी-ओलेसुंड येथे २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे. अंटार्क्टिकावर ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रे आहेत. या साऱ्या कामाची सूत्रे आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून हलतात. विज्ञान शाखेकडे वळलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ही संस्था लक्षात ठेवावी.

हिमाची जाडी मोजणे हे काम मात्र आजही अवघड आहे. १९३७ साली इव्हान पापानिन यांच्यासह चौघे सोव्हिएत संशोधक तरंगत्या बर्फावर उतरले आणि २७४ दिवस त्याच्याबरोबर वाहत राहिले. पुढे १९५४ पासून १९९१ पर्यंत सोव्हिएत संघाची अशी केंद्रे उत्तर ध्रुवीय महासागरात अखंड चालू होती. तेथील माणसे ध्रुवीय रात्रीच्या अंधारातही ठराविक अंतराने काठी खुपसून हिमाची जाडी लिहून ठेवत. ध्रुवावर झेंडा रोवणाऱ्यांची नावे पुस्तकांत आली. काठी रोवणाऱ्यांची फारशी आली नाहीत. माझ्या मते दुसरे काम अधिक मोलाचे. त्याच नोंदी हाताशी असल्यामुळे २०१४ साली तुलना करता आली आणि पश्चिम उत्तरध्रुवीय भागात वसंतातील हिमाची जाडी सरासरी ३५ सेंटीमीटरवरून २२ सेंटीमीटरवर आल्याचे दिसले. कारण समजण्याजोगे आहे. समुद्र आता उशिरा गोठतो, आणि शरद ऋतूत जे हिम पूर्वी बर्फावर साचे ते आता उघड्या पाण्यात पडून विरघळून जाते.

उपग्रहांनी प्रश्न सुटला असे वाचकांना वाटेल. उपग्रह बर्फाची जाडी थेट मोजत नाहीत. पाण्यावर किती भाग उघडा आहे ते मोजतात आणि त्यावरून बुडालेला भाग हिशेबाने काढतात. २०१८ साली सोडलेल्या ‘आइससॅट-२’चा लेसर हिमाच्या माथ्यावरून परततो. २०१० पासून फिरणाऱ्या ‘क्रायोसॅट-२’च्या रडार लहरी हिमातून आत शिरून बर्फाच्या माथ्यापर्यंत पोहोचतात, असे ढोबळमानाने धरतात. लेसरच्या हिशेबात हिमाची जाडी अवघी ५ सेंटीमीटर चुकली, तर बर्फाची जाडी सुमारे ३० सेंटीमीटरने चुकते. म्हणून २०२० मध्ये क्रायोसॅटची कक्षा मुद्दाम बदलली. दोन्ही उपग्रह ठराविक काळाने एकाच वाटेवरून जावेत आणि दोन मापांच्या फरकातून हिम किती ते कळावे, हा हेतू. त्याच सुमारास जर्मनीचे ‘पोलारश्टर्न’ हे जहाज ‘मोझेइक’ मोहिमेत वर्षभर बर्फाबरोबर वाहत होते, आणि त्यावरील संशोधक पुन्हा हिमात काठ्या खुपसत होते.

हा हिशेब चुकला तर बिघडते कोणाचे? हिम प्रकाश अडवते, त्यामुळे बर्फाच्या तळाशी वाढणारे सूक्ष्म शेवाळ वसंतात केव्हा बहरेल हे बरेचसे हिमावर ठरते, आणि त्या शेवाळावर पुढची सारी अन्नसाखळी उभी आहे. वलयांकित सील नावाचा प्राणी बर्फावरच्या हिमाच्या ढिगात पोकळी करून पिल्लाला जन्म देतो. ढीग उथळ असेल किंवा लवकर कोसळला तर ते पिल्लू थंडीला आणि अस्वलाला उघडे पडते. आणि त्या सीलवर उपजीविका असणारी, बर्फावरून गावोगाव जाणारी इन्युइट माणसे आहेत. वडीलधाऱ्यांनी शिकविलेल्या खुणा हवामान बदलल्याने पूर्वीसारख्या जुळत नाहीत, असा त्यांचा अनुभव आहे.

कॅनडातील इन्युइट वस्त्यांमध्ये ‘स्मार्टआइस’ नावाचा उपक्रम चालतो. त्यात स्थानिक तरुण स्वतः उपकरणे हाताळतात. काही उपकरणे बर्फात रोवून ठेवलेली असतात आणि हवा, हिम, बर्फ व पाणी यांचे तापमान थराथराने नोंदवतात. दुसरे एक उपकरण घसरगाडीवर बांधून ओढत नेतात, म्हणजे वाटेतील बर्फाची जाडी चालता-चालता समजते. ते विद्युतचुंबकीय पद्धतीने खालच्या खाऱ्या पाण्यापर्यंतचे अंतर मोजते. त्यामुळे त्याचा आकडा हिम आणि बर्फ या दोहोंचा मिळून असतो. त्यांतले हिम किती आणि माणसाचे वजन पेलणारा बर्फ किती, हे जाणून घ्यायचे तर गाडी थांबवून, खाली उतरून, हिमात काठी खुपसून पाहावी लागते.